स्मिताच्या सायकलीत मी केलेल्या सुधारणा

१८ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ७.१०

डॉक्टर म्हणाला, बीपी एकशे सत्तर आहे, राग आला की बोलू नका, लिहून काढा. मी म्हटलं मला राग येतच नाही. तो हसला. मी त्याचा वजनकाटा जरा बाजूला सरकवला. पायाने. तो भिंतीला आपटून फुटला. हलका माल. असो, येताना वही घेतली. रोज शेवटी रागाचा हिशोब लिहायचा असं ठरलंय.

व्हीआरएस घेऊन चार महिने झाले. सत्तावीस वर्षं विमा ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या अपघातांच्या फायली तपासल्या. आता अपघात होऊच नयेत असं काहीतरी बनवणार. क्षेत्र ठरलं: शहरात रोज सायकल चालवणाऱ्यांसाठी सामान आणि फर्निचर. मैदान एकदम खाली आहे, स्पर्धा नाही. इंदूरमधे लोक हौसेने सायकल घेतात आणि महिन्याभरात तिच्यावर टॉवेल वाळत घालतात. का? सोयी नाहीत. सोयी मी देणार. ब्रँडचं नाव 'सरदार'. आमचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते, खडके घराण्याला स्वारी नवी नाही.

टेस्टिंगला माणूस घरातच आहे. बायको स्मिता राजवाड्याजवळच्या शाळेत गणित शिकवते आणि दोन वर्षांपासून रोज सायकलने जाते. पंचवीस मिनिटं जायला, पंचवीस यायला. मला स्वतःला सायकल येत नाही. ते एक प्रकारे बरंच आहे. डिझायनर तटस्थ पाहिजे.

राग: शून्य.

२० ऑगस्ट, बुधवार

रघुवीरकाकांचा फोन. वय चौऱ्याऐंशी, आवाज अजून तोफेचा. म्हणाले, खांदा आता उचलत नाही, यंदा खंडेनवमीला कोहळा कापायचा मान पुढच्या पिढीला देणार.

हे फार मोठं आहे. आमच्या घरात खंडेनवमीला सगळे आपापल्या पोटापाण्याची हत्यारं पूजेत मांडतात, मग मानकरी पूर्वजांची तलवार उपसून एका घावात कोहळा कापतो. अडुसष्ट वर्षं काकांनी कापला. तलवार दरवर्षी पाळीने एकेका घरी असते. यंदा माझ्याकडे आहे, कपाटावर, जुन्या धोतरात गुंडाळून. आणि पूजाही यंदा माझ्याच घरी.

उमेदवार दोन. मी, आणि चुलत भाऊ यशवर्धन. तो विजयनगरात बसून ॲप बनवतो. काकांची अट अशी की ज्याने हाताने काही घडवलं आणि जे घरचं माणूस रोज वापरतं, त्याच्या हातात तलवार. यशवर्धनचं ॲप त्याची बायकोसुद्धा उघडत नाही. मतलब मान माझाच.

स्मिताला सांगितलं की आजपासून तू सरदार कंपनीची चीफ टेस्टर. तिने विचारलं, सायकलला हात लावणार का? मी म्हटलं हात नाही, सुधारणा. ती पोळ्या लाटत होती, लाटतच राहिली. आनंद झाल्यावर ती गप्प होते.

राग: शून्य.

२४ ऑगस्ट, रविवार

पहिलं प्रॉडक्ट तयार. नाव 'ढाल'. सायकलच्या उजव्या बाजूला साडेतीन फुटांचा आडवा लोखंडी दांडा, टोकाला लाल झेंडी. मोटारवाले आपोआप लांब राहतील. परदेशीपुऱ्यात लक्ष्मण भियाकडून वेल्डिंग करून घेतलं. तो म्हणाला, भिया, ये किसी को लगेगा. मी म्हटलं, लागावा म्हणूनच आहे.

डेमोला मेहुणा मनीष आला. स्मिताचा धाकटा भाऊ, स्वभावाने गरीब. त्याला एलआयजीच्या चौकात पाठवलं. दांडा एका बुलेटवाल्याच्या बॅगेत अडकला. बुलेट पुढे गेली, सायकल आडवी झाली, मनीष काही अंतर दोघांच्या मधे होता. गुडघा सोलला, ओठ फुटला. बुलेटवाला परत येऊन मनीषवरच ओरडायला लागला. मी शांतपणे मधे पडलो. शांतपणेच त्याचं हेल्मेट काढून घेतलं आणि त्याच हेल्मेटने त्याला दोनदा समजावलं. त्याने माझ्या कानाखाली एक ठेवली. लोकांनी सोडवलं.

निष्कर्ष: ढाल काम करते. बुलेटवाला यापुढे लांबूनच जाईल.

राग: शून्य. (हेल्मेट रागातून नव्हतं, तत्त्वातून होतं.)

२९ ऑगस्ट, शुक्रवार. संध्याकाळी ५

स्मिता सोमवारपासून ढाल लावून जाते आहे. रोज संध्याकाळी रिपोर्ट घेतो. सोमवारी दहापैकी आठ. मंगळवारी आठ. काल साडेआठ. शिक्षिका असल्यामुळे मार्क कंजूषपणे देते, म्हणून आठ म्हणजे दहाच धरायचे. कुणाला लागला का विचारलं, म्हणाली, कुणालाच नाही. दांड्यावर रविवारनंतर नवा ओरखडा नाही, बदललेली झेंडी सुद्धा कोरी. क्या बात है!

किलोमीटरचं मीटरही बसवलंय. ते मात्र फसवं निघालं. रोजचे जाऊन-येऊन बारा किलोमीटर व्हायला हवेत, आकडा दाखवतं एकशे वीस मीटर. पाच दिवसांचे मिळून सहाशे. दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, अंकल, मीटर सही है, गाडी ही नहीं चली होगी. माझ्या बायकोला खोटं पाडतो! मी मीटर त्याच्या काउंटरवर ठेवलं. काउंटर काचेचं होतं.

हाताला तीन टाके. त्याच्या काकाने मला मागून धरलं होतं, नाहीतर एवढे पडले नसते.

राग: थोडा. पण तो मीटरचा दोष.

३ सप्टेंबर, बुधवार

आता फर्निचर. शहरी सायकलस्वाराची मोठी अडचण म्हणजे घरात सायकल ठेवायची कुठे. स्मिता ती खाली जिन्याखाली ठेवते. चूक. सायकल दिवाणखान्यात, भिंतीवर, जशी पूर्वी ढाल-तलवार असायची तशी दिसली पाहिजे. प्रॉडक्टचं नाव 'खुंटी'. दोन लोखंडी आकडे, भिंतीत सहा इंच आत. आता स्मिताने रोज दुसऱ्या मजल्यावर सायकल आणायची, टांगायची, सकाळी उतरवायची. व्यायाम फुकट.

ती म्हणाली की जिन्याखालीच बरी आहे. मी प्रेमाने समजावलं. समजावताना हातातला ड्रिल चालू होता, त्यामुळे जरा मोठ्याने बोलावं लागलं. मग तिला पटलं.

राग: शून्य.

७ सप्टेंबर, रविवार. दुपारी २

काकांचा फोन की पितृपक्ष लागतोय, नवीन काही सुरू करू नकोस. मी म्हटलं खुंटी आधीच लागलीय.

मनीष जेवायला आला होता. भिंतीखालच्या सोफ्यावर बसला. मी त्याला सांगतच होतो की हा आकडा शंभर किलो घेतो, तेवढ्यात आकडे हळूहळू खाली वाकले. ढालीसकट सायकल त्याच्या खांद्यावर. आमटीची वाटी त्याच्या हातात तशीच होती, सांडली नाही, हे खरं कौतुक. मग तो ओरडला आणि सांडली.

हाडाला बारीक चीर आहे म्हणतात. सहा आठवडे हात गळ्यात. स्मिता दवाखान्यात माझ्याशी एक शब्द बोलली नाही, काळजीत होती. मनीष म्हणाला, जीजाजी, मी आता यायचं बंद करतो. मी म्हटलं, वेडा आहेस का, तुझा फीडबॅक फार कामाचा आहे. घरी येऊन मी आकडे भिंतीतून उपसले आणि गॅलरीतून फेकले. खाली सोसायटीच्या सेक्रेटरीची स्कूटर होती हे मला कसं माहीत असणार?

राग: लोखंडावर.

११ सप्टेंबर, गुरुवार

सोसायटीशी संबंध सुधारायचे म्हणून गेटजवळ 'बैठक' बसवली, आपल्याकडून फुकट. हे खरं डिझाइन! बाक आहे, पण मागे चाक अडकवायची खाच. सायकलस्वार आला, सायकल लावली, तिथेच बसून दोन मिनिटं दम खाल्ला. नको तेव्हा बाक घडी होऊन भिंतीला चिकटतो. स्प्रिंग ट्रकच्या सीटची आहे, लक्ष्मण भियाने दिली.

उद्घाटनाला सेक्रेटरी बसला. बाक घडी झाला. सेक्रेटरीसकट.

चार बोटं आणि अब्रू, दोन्ही अडकली. सोडवायला रस्त्यापलीकडच्या प्रेमलताभाभी आल्या, त्यांचा दूधवाला आला, शेवटी पहारीने उघडला. बाहेर आल्या आल्या सेक्रेटरीने तीच पहार उचलली आणि माझ्यामागे धावला. मी शांत माणूस आहे, मी पळालो. दोन फेऱ्या झाल्यावर वाटलं, खडक्यांनी पाठ दाखवायची? वळलो. त्याच्या पोटात डोकं घातलं. तुळशीची कुंडी फुटली, त्याचा चष्मा फुटला, माझा पुढचा दात हलतोय.

संध्याकाळी स्मिताला विचारलं, तू बैठक वापरलीस का? म्हणाली, हो, सकाळीच. नऊ मार्क. बाक तर दुपारी बारानंतर लागला होता. बिचारी शाळेतून थकून येते, वेळेचा घोळ होतो.

राग: नोंद नाही, तोंड सुजलंय.

१४ सप्टेंबर, रविवार

खंडेनवमीला सतरा दिवस. सोसायटीने बैठक उखडून भंगारात दिली. लहान माणसं.

पण काकांपुढे भिंतीवर टांगलेली सायकल दाखवायचीच. लक्ष्मण भियाकडे गेलो. तो म्हणाला, खुंटी का डिज़ाइन ठीक है भिया, लोहा कमजोर है, पुराना असली फौलाद चाहिए. फौलाद कुठून आणू? दोन दिवस बाजार धुंडाळला. सगळा हलका माल. एका दुकानात पट्टी गुडघ्यावर वाकवून पाहिली, वाकली. दुकानदार म्हणाला विकत घ्या. मी म्हटलं, वाकणारं कोण घेतं. थोडी झटापट. त्याचा सदरा फाटला, माझा आधीच फाटका होता.

घरी येऊन पलंगावर पडलो. समोर कपाट. कपाटावर धोतर. धोतरात काय आहे?

राग: शून्य. एकदम प्रसन्न.

१६ सप्टेंबर, मंगळवार. दुपार

पातं एकतीस इंच भरलं. इतकं लांब पातं कोहळ्याला कशाला लागतं? कोहळा फार तर चौदा इंच. उरलेले सतरा इंच पिढ्यान्‌पिढ्या फुकट हवेत फिरतायत. पूर्वजांना आज सायकल असती तर त्यांनी स्वतः हेच केलं असतं. त्यांची तलवार आता रोज कामाला येणार, वर्षातून एकदा नाही. मी तर म्हणतो हाच खरा सन्मान.

लक्ष्मण भियाने तलवार पाहून हातमोजे काढून ठेवले. म्हणाला, हत्यार है, पुरखों का है, मैं नहीं काटूँगा. मी म्हटलं, कटर दे. तो नाही म्हणाला. मी कटर ओढला, त्याने वायर ओढली. त्याने मला हातोडा दाखवला. मारला नाही, नुसता दाखवला. मी त्याला तलवार दाखवली. मग तो बाहेर जाऊन चहाच्या टपरीवर बसला आणि मी स्वतः कापली. ठिणग्यांनी डावी मिशी अर्धी गेली. सात-सात इंचांचे दोन तुकडे. आकडे त्यानेच वाकवून दिले, पण डोळ्याला डोळा दिला नाही. कलाकार लोक मूडी असतात.

राग: शून्य.

१८ सप्टेंबर, गुरुवार

खुंटी उभी! सायकल टांगली, स्वतः लोंबकळलो, जरा हलली नाही. स्मिताने विचारलं हे लोखंड कुठलं. मी म्हटलं, इंपोर्टेड. तिने आकड्यावरून बोट फिरवलं, कपाटाच्या वर पाहिलं, मग स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग जाऊन म्हटलं, काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हण. ती म्हणाली, काही नाही.

आमच्यात भांडणं होत नाहीत. लोक विचारतात रहस्य काय. मी सांगतो, मोकळा संवाद.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

स्मिताच्या वह्यांसाठी मागे 'गोणी' लावली: दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या, वर झाकण, झाकणाला कुलूप. पेट्या खाली लोंबायला लागल्या. टेकू हवा. टेकूला फौलाद हवं. आणखी सहा इंच घेतले. उरले अकरा.

अकरा इंच म्हणजे सुद्धा कमी नाही. म्यान पूर्ण आहे, मूठ पूर्ण आहे. म्यानात कोण डोकावतंय.

सायकलचं वजन आता चौतीस किलो. सकाळी सहा चाळीसला मी आतल्या खोलीत नाक धरून प्राणायाम करत असतो, त्यामुळे स्मिता ती कशी खाली नेते ते पाहिलेलं नाही, पण जिन्यात धडधड ऐकू येते. मग शांतता. म्हणजे सुरळीत निघाली. आज साडेनऊ मार्क! म्हणाली, पेट्यांमुळे फारच सोय झाली. पेट्यांत कोळ्याचं जाळं होतं. एका दिवसात! निसर्गाचं कौतुक वाटतं.

राग: शून्य.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सराफ्यात पाणीपुरी खाताना यशवर्धन दिसला. सहज म्हणाला, दादा, सायकलचं काय चाललंय, ऐकलं मनीषला मोडून ठेवलंस. मी हसलो. त्याच्या ॲपबद्दल एक सूचना केली. त्याने माझ्या मिशीबद्दल एक सूचना केली. मी त्याचा द्रोण त्याच्या शर्टाच्या खिशात नीट ठेवला, पाण्यासकट. त्याने माझी मान पकडली. मी त्याचं नाक. पाणीपुरीवाला म्हणाला, भिया, पहले पैसे, फिर लड़ो. पैसे दिले, मग पुढचं केलं. करंगळी सुजलीय. त्याचं नाक जास्त.

खंडेनवमीला समोरासमोर येऊच. तलवार कुणाच्या हातात असेल ते बघू.

३० सप्टेंबर, मंगळवार. अष्टमी

सराव. दाराला कडी लावून अकरा इंचांनी दुधी भोपळा कापून पाहिला. एका घावात. दुसरा दीड घावात. तिसरा निसटून टीव्हीवर गेला. टीव्ही तसाही जुना होता.

योजना अशी. काका मान जाहीर करतील. मी तलवार म्यानासकट कपाळाला लावीन. सर्रकन उपसून डोळ्याचं पातं लवायच्या आत घाव. लोक डोळे मिटतात अशा वेळी. काकांना मोतीबिंदू आहे.

मोठा कोहळा आणलाय, नऊ किलो. छोटा मिळत होता. पण मान मोठा आहे.

राग: शून्य. उद्या इतिहास.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी. दवाखान्यातून

सगळं लिहून काढायचं असं डॉक्टर म्हणालाय. लिहितो.

अकरा माणसं जमली होती. पाटावर हत्यारं मांडली. काकांची पीडब्ल्यूडीतली मोजपट्टी, यशवर्धनचा लॅपटॉप, स्मिताचं कंपास. आणि मधोमध माझी, म्हणजे स्मिताची, सायकल. ढाल, पेट्या, टेकू, सगळ्याला हळदकुंकू, वर झेंडूची माळ. मनीष गळ्यात हात घालून कोपऱ्यात, भिंतीपासून लांब उभा होता.

काकांनी सायकलभोवती एक चक्कर मारली. मग सगळ्यांसमोर स्मिताला विचारलं की सूनबाई, देवीसमोर उभी आहेस, खरं सांग, हे तू रोज वापरतेस?

स्मिताने माझ्याकडे पाहिलं. मग ताटातल्या तलवारीकडे. मग म्हणाली, हो काका. रोज.

माझा ऊर भरून आला. तीस वर्षांच्या संसारात एवढं सुख झालं नव्हतं. काकांनी तलवार दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. म्हणाले, संताजी, घे. यशवर्धन जमिनीकडे पाहत होता. मी कपाळाला लावली. सर्रकन उपसली.

सर्रकन फारच लवकर संपलं.

कुणी डोळे मिटले नाहीत. एकाने सुद्धा नाही. कुणीतरी 'अरे बाप रे' म्हणालं. यशवर्धनने सुजलेल्या नाकातून विचारलं, दादा, ट्रायल व्हर्जन आहे का?

मी घाव घातला. मूठ कोहळ्याला आदळली, पातं दोन बोटं आत. कोहळा हसतोय असं वाटलं. दुसरा घातला. तिसरा. कोहळा पाटावरून घरंगळला, मी मागे. सोफ्याखाली गेला, मी सोफा उलटा केला. लॅपटॉपवर पाय पडला, कुणाचा ते सांगता येत नाही. सायकलला धडकलो, ढालीचा दांडा फिरून यशवर्धनच्या कानावर. मी ओरडत होतो म्हणे. काय ओरडत होतो ते आठवत नाही, पण छोट्या मुलांना बाहेर नेलं. दाराजवळ कोहळा गाठला आणि सगळ्या ताकदीने मारला. कोहळा फुटला, पातं निसटलं आणि माझ्या पोटरीत गेलं.

अकरा इंचही कमी नाही हे तेव्हा कळलं.

रक्त, कोहळ्याच्या बिया, झेंडू, सगळं एकत्र. मनीषने एका हाताने माझा पाय बांधला. काका खाली बसले. त्यांनी मूठ मांडीवर घेऊन धोतराच्या सोग्याने पुसली आणि विचारलं, बाकीची कुठे आहे? मी भिंतीकडे बोट केलं. काका उठले, कुंकवाचा करंडा घेतला, खुंटीच्या दोन्ही आकड्यांना कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, हात जोडले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस हुंदके देत होता. मला म्हणाले, तुझ्या आज्याने ही मला दिली तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. मग म्हणाले, मान यशवर्धनचा. पुढच्या वर्षी तो सुरीने कापेल, चालेल.

पोटरीला चौदा टाके.

राग: लिहिता येत नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

घरी. पाय उशीवर. सोनं द्यायला कोणी आलं नाही. प्रेमलताभाभी तेवढ्या आल्या, स्मिताशी दारातच कुजबुजून गेल्या.

पडल्या पडल्या विचार केला. तलवार गेली, मान गेला. पण एक गोष्ट कुणी काढून घेऊ शकत नाही. ती देवीसमोर म्हणाली, हो काका, रोज. सरदारची खरी कमाई ही. दसऱ्यानंतर काम वाढवायचं. स्मिताच्या मैत्रिणींपासून सुरुवात.

६ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ७.३०

शाळा सुरू. आतल्या खोलीत पाय ताठ ठेवता येत नाही म्हणून मला गॅलरीत खुर्चीवर बसवलंय. प्राणायाम तिथेच. सहा चाळीसला खाली पाहिलं.

स्मिता सायकल ढकलत गेटबाहेर आली. बसली नाही. ढकलत समोर प्रेमलताभाभींच्या फाटकात नेली, भिंतीला टेकवली. आतून दुसरी सायकल काढली. साधी, निळी. भाभींची मुलगी शिखा पुण्याला गेली, तिची. ना पेटी, ना दांडा. पिशवी हँडलला अडकवली, टांग टाकली आणि गेली. वळणावर दोन्ही पाय पेडलवरून उचलून नुसतीच उतारावरून गेली, शाळेतल्या पोरीसारखी. घंटी वाजवली, रस्त्यावर कुणी नसताना.

ढकलत नेलं ते साठ पावलं. मी मोजली.

संध्याकाळी ६.१५

आली. मी विचारलं, आज किती मार्क? ती म्हणाली, साडेनऊ. मी म्हटलं, मी गॅलरीत होतो.

पिशवी खाली ठेवून ती उभीच राहिली. मग बोलली. मी इथे तिचंच लिहितो, माझं काही घालत नाही. म्हणाली की पहिल्या दिवसापासून तसंच आहे, ढाल लावली त्या सोमवारपासून. मार्क ती भाजी चिरताना ठरवायची. म्हणाली की दोन वर्षांपूर्वी सायकल घेतली ती व्यायामासाठी नाही. या घरात कधी काय आपटेल सांगता येत नाही, म्हणून घेतली. दिवसाला पन्नास मिनिटं कुणी ओरडत नाही, तेवढीच तिची. त्या पन्नास मिनिटांत सुधारणा करायला मी घुसलो, म्हणून तिने ती रस्त्यापलीकडे नेऊन ठेवली.

मी म्हटलं, ठीक आहे, पण देवीसमोर माझ्यासाठी खोटं बोललीस, हे तर खरं. हे मी जरा हळवा होऊन म्हटलं. माझ्या दृष्टीने तेवढंच उरलं होतं.

ती म्हणाली, तुमच्यासाठी नाही हो. सगळ्यांसमोर नाही म्हटलं असतं तर तुम्ही काय केलं असतं ते मला माहीत नव्हतं, आणि ताटात तलवार होती. तेव्हा ती अकराच इंच उरलीय हे कुणाला ठाऊक? भीती वाटली.

मी म्हटलं की मी तुझ्यावर कधी हात उचलला नाही. ती म्हणाली, नाही उचलला. तीस वर्षं वाट पाहतेय.

खाली सेक्रेटरीची स्कूटर चालू होत नव्हती, तो किका मारत होता.

शेवटी काहीतरी चांगलं बोलावं म्हणून विचारलं, त्या निळ्या सायकलची चेन कोरडी वाटते, तेल घालून देऊ का? फक्त तेल.

ती नाही म्हणाली. आणि माझं उत्तर यायच्या आधी एक पाऊल मागे सरली, दाराकडे. मुद्दाम नाही, सवयीने. असं ती नेहमीच सरत असणार.

मी बरं म्हटलं.